गिरमिटियांचे कैवारी नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की विद्वान प्राध्यापक, कायदेमंडळातील अभ्यासू वक्ते आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक अशी त्यांची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. कायदेमंडळाचे सभासद असल्यामुळे लोक त्यांना आदराने नामदार गोखले म्हणत. परंतु ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते आणि ज्यांना त्यांच्या भाषणातील एक अक्षरही वाचता येत नव्हते, अशा लक्षावधी माणसांसाठीही हा थोर पुरुष झिजला. ही माणसे म्हणजे समुद्रापार उसाच्या मळ्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे हिंदी मजूर होत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच १८७९ साली वडिलांचे छत्र हरपले. घरात शिल्लक अशी काहीच नव्हती. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत साऱ्या घराचा खर्च भागे. भावाचा हा त्याग धाकट्याच्या मनावर कायमचा कोरला गेला. दिव्याच्या तेलाचे पैसे वाचावेत म्हणून तो रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करी. गरिबाच्या घरात एका रुपयाचे मोल काय असते, हे तो कोवळ्या वयातच शिकला. पुढे मोठमोठ्या अधिकाऱ्यांसमोर सरकारी आकडे मांडताना त्या आकड्यांमागे दडलेले गरिबाचे घर त्यांना नेहमी दिसत असे, त्याचे मूळ या दिवसांत आहे.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गोखले बी. ए. झाले. पदवीधरास त्या काळी चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. परंतु त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम पत्करले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकवले. याच सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा संबंध आला. रानडे यांना त्यांनी गुरू मानले. कोणताही सार्वजनिक प्रश्न हाती घेताना आधी कागदपत्रे पाहावीत, आकडे पडताळावेत आणि मगच तोंड उघडावे, हा धडा गुरूंनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे गिरवून घेतला.

या शिस्तीचे फळ लवकरच दिसून आले. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि पुढे व्हाइसरॉयच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणून अधिकारी समाधान मानीत होते. ती शिल्लक प्रजेच्या सुबत्तेची नसून जास्तीच्या करांची आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावरील कर तर गरिबाला श्रीमंताइतकाच भरावा लागे, कारण मिठावाचून कोणाचेच चालत नाही. त्यांनी वर्षामागून वर्ष हा प्रश्न लावून धरला. अखेर एका मणास अडीच रुपये असलेला हा कर उतरत उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. १९०५ साली त्यांनी देशसेवेस वाहून घेणाऱ्या तरुणांसाठी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी काशी येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले.

याच काळात परदेशी गेलेल्या हिंदी मजुरांचा प्रश्न त्यांच्यापुढे अधिकाधिक तीव्रतेने उभा राहू लागला. हा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८३३ साली कायदा करून आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद केली. गुलाम मोकळे झाले. पण त्यांच्या श्रमांवर श्रीमंत झालेल्या मळेवाल्यांची भूक मोकळी झाली नाही. ऊस तोडायला, चरक चालवायला, जंगल साफ करायला त्यांना स्वस्त हात हवे होते. ते हात त्यांनी हिंदुस्थानात शोधले. दुष्काळाने गांजलेल्या, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास दलाल गाठीत. जवळच कोठे तरी जायचे आहे, काम हलके आहे, पैसा भरपूर आहे, अशी भूल घालीत आणि एका कागदावर त्याचा अंगठा घेत. कराराच्या कागदास इंग्रजीत अॅग्रिमेंट म्हणतात. खेडुतांच्या जिभेवर त्याचे गिरमिट झाले आणि त्या कागदाने बांधलेला मजूर गिरमिटिया म्हणून ओळखला जाऊ लागला.

१८३४ पासून मॉरिशस बेटावर अशा मजुरांची रीघ लागली. पुढे वेस्ट इंडीज बेटे, नेटाल, फिजी अशा दूरदूरच्या वसाहतींतही ते जाऊ लागले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणपट्टीतील, तसेच घाटावरील सातारा भागातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा जपतात आणि भक्तिभावाने गणेशोत्सव साजरा करतात. साऱ्या वसाहती मिळून दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे या कागदाच्या दोरीने बांधली गेली.

गिरमिट बहुधा पाच वर्षांचे असे. मालक कोण, काम कसे, देश केवढ्या अंतरावर, हे मजुरास ठाऊक नसे. मालक वाईट निघाला तर त्यास सोडून जाण्याची मुभा नव्हती. साध्या नोकराने काम सोडले तर फार तर त्याचा पगार बुडतो. परंतु गिरमिटियाने काम सोडले तर तो गुन्हा ठरे आणि त्याला तुरुंगात जावे लागे. चिठ्ठीवाचून मळ्याबाहेर पडणे हाही गुन्हाच होता. मुकादमाची छडी, उपाशी पोट आणि दाद मागण्यास जवळचे कोणी नाही, अशा स्थितीत कित्येकांनी जीव दिले. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा नियम होता, त्यामुळे संसार मोडले आणि स्त्रियांचे फार हाल झाले. गुलामगिरीचे नाव पुसले गेले होते. तिचे काम चालूच होते.

दक्षिण आफ्रिकेतील नेटाल वसाहतीत मजुरांचे पहिले जहाज १८६० साली दरबान बंदरास लागले. पुढील पन्नास वर्षांत सुमारे दीड लाख हिंदी मजूर तेथे नेण्यात आले. किनाऱ्यालगत उसाचे मळे होते, तर उत्तरेस डंडी व न्यूकॅसल या गावांभोवती दगडी कोळशाच्या खाणी होत्या. शेतीवाचून दुसरे काही न पाहिलेली माणसे तेथे जमिनीच्या पोटात उतरून अंधारात कोळसा खणू लागली. पहिल्या वर्षी दरमहा दहा शिलिंग मजुरी मिळे आणि पुढे दर वर्षी तीत एका शिलिंगाची भर पडे.

ज्यांनी पाच वर्षे भरली, त्यांना तरी मोकळे जीवन लाभावे. पण तेही गोऱ्या वसाहतवाल्यांना खपले नाही. गिरमिट संपलेले हिंदी लोक शेती व व्यापार करून आपल्या बरोबरीस येतील, अशी भीती त्यांना वाटली. म्हणून १८९५ साली कायदा झाला, की त्यापुढे येणाऱ्या मजुराने मुदत संपल्यावर मायदेशी परत जावे, नाही तर पुन्हा गिरमिटात शिरावे. आणि दोन्ही नको असल्यास दर वर्षी डोईमागे तीन पौंड कर भरावा. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही हा कर लागू करण्यात आला. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले असलेल्या घरावर वर्षाला बारा पौंडांचा बोजा पडे. आता मजुराची मिळकत पाहा. महिना चौदा शिलिंगांप्रमाणे वर्षाचे एकशे अडुसष्ट शिलिंग होतात. वीस शिलिंगांचा एक पौंड, या हिशेबाने ते केवळ आठ पौंड आठ शिलिंग भरतात. मिळकतीहून कर मोठा! अशा माणसाने मुकाट्याने पुन्हा गिरमिटावर अंगठा उठवावा, हाच त्या कराचा खरा हेतू होता. महिना आठ रुपयांत विद्या संपादन करणाऱ्या गोखल्यांना हा हिशेब समजण्यास वेळ लागला नाही.

नेटालमधील हिंदी लोकांची बाजू तेथे मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर मांडीत होते. १८९६ साली ते पुण्यास आले असता गोखल्यांची व त्यांची भेट झाली होती, आणि तेव्हापासून दोघांचा स्नेह जुळला होता. आफ्रिकेतील अन्यायाची खडान्खडा माहिती गांधीजी पत्रांनी कळवीत आणि गोखले तिचा उपयोग कायदेमंडळात करीत.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला, की नेटालला गिरमिटिया मजूर पाठविणे बंद करावे. त्यांची मांडणी इतकी सप्रमाण होती, की सरकारला हा ठराव मान्य करावा लागला. १ जुलै १९११ पासून नेटालची मजूरभरती थांबली. पण गोखल्यांचे एवढ्याने समाधान झाले नाही. एका वसाहतीत जे अन्यायाचे आहे, ते दुसऱ्या वसाहतीत न्यायाचे कसे ठरेल? म्हणून ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. गिरमिटाची सारी पद्धतच मुळापासून उखडून टाकावी, अशी त्यांची मागणी होती. अडाणी माणसाकडून, त्याला न समजणाऱ्या अटींवर करून घेतलेला करार हा खरा करारच नव्हे, हे त्यांनी एकेक मुद्दा घेऊन सिद्ध केले. मजुरांच्या आत्महत्यांचे आकडे त्यांनी सभेपुढे ठेवले. अशा पद्धतीने केवळ मजुराची नव्हे, तर साऱ्या राष्ट्राची मान खाली जाते, हे त्यांनी निक्षून सांगितले. मते मोजली गेली. ठरावाच्या बाजूने बावीस आणि विरुद्ध तेहतीस मते पडली. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव फेटाळला गेला. गोखले मतांत हरले. परंतु आपण हा ठराव पुन्हा पुन्हा आणू, हा त्यांचा निश्चय ढळला नाही.

त्याच वर्षी मजुरांची स्थिती प्रत्यक्ष पाहण्यासाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेस जाण्याचे ठरविले. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते आणि इतका लांबचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तरी ते निघाले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउन बंदरात उतरले. हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले किंबर्ली, सोन्याच्या खाणींमुळे उभे राहिलेले जोहान्सबर्ग आणि मग नेटाल, असा त्यांचा दौरा झाला. पृथ्वीच्या पोटातील या संपत्तीवर नवी शहरे झळकत होती. पण ती संपत्ती वर काढणारे काळे व हिंदी मजूर मात्र बराकींत कोंडल्यासारखे राहत होते.

या दौऱ्यातील एक गोष्ट मराठी माणसास विशेष गोड वाटेल. हिंदी लोकांच्या एका सभेत कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय मंडळी होती. तेथे गोखल्यांनी मराठीतून बोलावे, असे गांधीजींनी सुचविले आणि भाषणाचा अनुवाद आपण करू, असे सांगितले. गांधीजींचे मराठीचे ज्ञान बेताचेच होते, त्यामुळे गोखल्यांना हसू आवरेना. पण अनुवाद मनाजोगा उतरला आणि त्यानंतर आपल्या लोकांपुढे ते मराठीतूनच बोलू लागले. परक्या भूमीत आपल्या भाषेतील शब्द कानी पडताच त्या कष्टाळू लोकांना केवढा धीर आला असेल!

नोव्हेंबरमध्ये प्रिटोरिया येथे जनरल बोथा व जनरल स्मट्स या मंत्र्यांशी गोखल्यांची प्रदीर्घ भेट झाली. तीन पौंडांचा कर रद्द होईल, असा भरवसा घेऊन ते बाहेर आले. गांधीजींना तितकी खात्री वाटत नव्हती आणि दुर्दैवाने त्यांचीच शंका खरी ठरली. १९१३ साली स्मट्स यांनी नेटालच्या गोऱ्यांचा विरोध पुढे करून कर उठविण्यास नकार दिला. गोखल्यांसारख्या पाहुण्यास दिलेला शब्द मोडला गेला, तेव्हा गांधीजींनी सत्याग्रहात या कराचा प्रश्नही गोवला.

ऑक्टोबर १९१३ मध्ये काही धीट हिंदी स्त्रिया न्यूकॅसलच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांकडे गेल्या. त्यांनी या कराचा अन्याय मजुरांना समजावून सांगितला आणि हा हा म्हणता खाणींतील काम बंद पडले. मालकांनी बराकींतील पाणी व दिवे तोडले. तेव्हा मजूर बायकामुलांसह, अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडले. दोन हजारांवर माणसांचा तांडा गांधीजींच्या मागोमाग ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे चालू लागला. दिवसाला दीड पौंड पाव आणि थोडी साखर एवढाच त्यांचा शिधा होता. सरहद्द ओलांडताच गांधीजींना पकडण्यात आले आणि यात्रेकरूंना आगगाडीत कोंबून पुन्हा नेटालला आणण्यात आले.

त्यानंतर सरकारने जे केले, त्यास तोड नाही. इतक्या लोकांना तुरुंगात ठेवले तर कोळसा कोण काढणार? म्हणून खाणींनाच तुरुंग ठरविण्यात आले. खाणीवरील गोऱ्या नोकरांना तुरुंगाचे पहारेकरी नेमले आणि संप करणाऱ्या मजुरांना कैदी म्हणून त्याच खाणींत उतरण्याची सक्ती केली. जे उतरेनात त्यांच्यावर चाबूक ओढले गेले. ही वार्ता पसरताच किनाऱ्यावरील उसाच्या मळ्यांतही संपाचा वणवा पेटला. तेथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि काही मजूर ठार झाले. गिरमिट म्हणजे खुशीचा करार, असे म्हणणाऱ्यांचा मुखवटा त्या दिवसांत गळून पडला.

या बातम्यांच्या तारा हिंदुस्थानात येऊन थडकल्या, तेव्हा गोखल्यांची प्रकृती फारच खालावली होती. डॉक्टरांनी विश्रांती घेण्यास सांगितले होते. पण खाणीत चाबकाचे फटके खाणाऱ्या आपल्या बांधवांची आठवण त्यांना अंथरुणावर स्वस्थ पडू देईना. ते गावोगाव फिरले, सभा भरविल्या, संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा केला. रोजच्या रोज येणाऱ्या तारा वाचून त्यांतील हकिकत ते व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांना व वृत्तपत्रांना कळवीत. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. नोव्हेंबर १९१३ मध्ये खुद्द व्हाइसरॉयनी मद्रास येथे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचा जाहीर निषेध केला. ब्रिटिश साम्राज्याच्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने साम्राज्यातीलच दुसऱ्या सरकारला असे दोष देणे ही अपूर्व गोष्ट होती. गोखल्यांनी चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन या दोन सहृदय इंग्रज सज्जनांना मदतीसाठी आफ्रिकेस रवाना केले.

अखेर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९१४ च्या मध्यास नवा कायदा होऊन तीन पौंडांचा जुलमी कर रद्द झाला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने गोखल्यांना सर ही पदवी देऊ केली होती. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. खाणीतील मजुराच्या डोक्यावरचा बोजा उतरला, याहून मोठा मान त्यांना नको होता.

अतिश्रमांनी झिजलेले त्यांचे शरीर मात्र सावरले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. गिरमिटाचा अंत पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते; पण त्यांनी पेरलेले बी वाया गेले नाही. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा मांडला आणि या वेळी सरकारने तो मान्य केला. १९१७ साली गिरमिटाची भरती थांबली आणि १९२० च्या आरंभी उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले. आठ दशकांहून अधिक काळ चाललेला माणसांचा हा बाजार उठला.

गोखल्यांनी कधी हाती शस्त्र धरले नाही किंवा वाणीने आग ओकली नाही. सत्य शोधावे, ते नीट मांडावे आणि पराभव झाला तरी पुन्हा मांडावे, एवढेच त्यांचे बळ होते. त्या बळावर त्यांनी समुद्रापारच्या खाणीतील अनोळखी मजुरासाठी साम्राज्याच्या दरबारात जाब विचारला. ज्यांना स्वतःचे दुःख बोलून दाखविता येत नाही, त्यांच्या वतीने अभ्यास करून बोलणे ही केवढी मोठी देशसेवा आहे, हे नामदार गोखले यांच्या चरित्रावरून शिकावे.